नाताळपासून चौथी ओळ

सिबिल कॅटन ही कोल्डवेल गावातली सगळ्यांत भित्री बाई. हे गावानं ठरवलं होतं आणि तिला ते मान्य होतं. ती बदकांच्या कळपाला भ्यायची, चर्चच्या वाटेवरच्या बैलाला भ्यायची. विजेला सगळेच भितात, पण सिबिल कोरड्या विहिरीलाही भ्यायची. तिचा नवरा लोकरीचं कापड पाण्यात तुडवून घट्ट करण्याचं काम करायचा. तो होता तेव्हा म्हणायचा, "आमच्या हिला घाबरायला कारण लागत नाही, सवड लागते." मग एका उन्हाळ्यात नॉरफोकभर घामाचा ताप आला. सकाळी कामाला गेलेला माणूस संध्याकाळी उरला नाही आणि सिबिलची भीती चेष्टेवारी नेणारं घरात कुणी राहिलं नाही. पन्नाशी उलटली तरी ती पूल ओलांडताना छातीवर क्रूस काढायची आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा काढायची.

एका वस्तूला मात्र ती कधी भ्यायली नाही. ते म्हणजे तिचं पुस्तक.

हे पुस्तक तिच्याकडे आलं त्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. मोठ्या घरच्या लेडी इझाबेलकडे ती अकरा वर्षं कामाला होती. म्हातारीची नजर गेली होती आणि गुडघेही गेले होते, पण दिवसाच्या आठ प्रार्थना चुकवायला ती तयार नव्हती. पुस्तक सिबिलनं धरायचं, पान सिबिलनं उलटायचं आणि पानावर कसलं चित्र आहे ते सिबिलनं सांगायचं. "निळी बाई गुडघ्यावर बसलीय आणि पंखवाला आलाय." की म्हातारी पहाटेची प्रार्थना सुरू करायची. "मेंढपाळ वर बघतायत." की सकाळची दुसरी. असं अकरा वर्षं चाललं. सिबिलला एक अक्षर येत नव्हतं, पण शेवटी शेवटी म्हातारीचा शब्द अडला की पुढचा लॅटिन शब्द ही सांगायची. ते लॅटिन असं होतं की पाद्रीबाबांनी एकदा ऐकलं आणि कानाला हात लावले. म्हातारी गेली तेव्हा मृत्युपत्रात निघालं की रोजच्या प्रार्थनांचं छोटं पुस्तक सिबिलला द्यावं. पुतण्या कुरकुरला, "जिला स्वतःचं नाव ओळखता येत नाही, ती पुस्तकाचं करणार काय?"

करायला पुष्कळ होतं. पुस्तक तळहाताएवढं. वासराच्या कातड्याची बांधणी, पितळेची एक कडी शाबूत आणि दुसरीच्या जागी सिबिलनं बांधलेला लोकरीचा दोरा. त्याला मेणाचा आणि धुराचा वास यायचा, आणि फार हातांचा. सुरुवातीला वर्षाचं पंचांग, महिन्याला एक पान. साधे संत काळ्या शाईत, मोठे सण तांबड्यात, आणि नाताळ तेवढा सोन्यात. मग प्रार्थना. आणि शेवटाकडे संतांची चित्रं, त्यांत मार्गरेटबाईचं. तिला ड्रॅगननं गिळलं आणि ती त्याचं पोट फाडून धडधाकट बाहेर आली, म्हणून ती बाळंतिणींची. गावातल्या बायका दिवस भरत आले की हे पान चुंबायच्या. इतक्या चुंबलं की मार्गरेटबाईचा चेहरा पार पुसून गेला होता. ड्रॅगनला कुणी चुंबत नसल्यामुळे तो जसाच्या तसा दात विचकून बसलेला होता.

बाळंतपणाला पुस्तक न्यायचं, ते पान उघडायचं आणि कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर पालथं ठेवायचं, ही कोल्डवेलची रीत. तीसेक पोरं त्या पानाखालून जगात आली होती. सिबिलची एकच अट असायची, आणताना हात धुतलेले हवेत. परत येताना पुस्तकाबरोबर अंडी यायची, कधी लोण्याचा गोळा. ती कौतुकानं घ्यायची.

एकदा मात्र पुस्तक गावात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते नदीपलीकडे कुणाकडे गेलं होतं, पूर आला, आणि नेमक्या त्याच वेळी सिबिलच्या एकुलत्या एका मुलीला, थॉमसिनला, कळा सुरू झाल्या. दोन दिवस पोरगी तडफडली. तिसऱ्या दिवशी मूल आलं, पण ते रडलं नाही. थॉमसिन वाचली, एवढंच. सिबिलनं कुणाला दोष दिला नाही. पुस्तक आपणच दिलं होतं, हे ती रोज स्वतःला सांगायची. आता थॉमसिनला पुन्हा दिवस गेले होते आणि नाताळच्या सुमाराला वेळ होती. सप्टेंबरपासून सिबिलनं पुस्तक उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

राजाच्या गादीला तिसावं वर्ष लागलं होतं. नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी पाद्रीबाबा ॲम्ब्रोज हातात एक कागद घेऊन उभे राहिले आणि इतक्या खालच्या आवाजात वाचू लागले की मागचे लोक पुढे सरकले. कँटरबरीचा थॉमस हा यापुढे संत नाही. तो राजद्रोही होता. त्याचं चित्र, रंगीत काचेची खिडकी, मूर्ती काढून टाकावी. त्याचं नाव प्रत्येक पुस्तकातून खरवडून काढावं. येत्या गुरुवारी राजाचे साहेब येतील, गावातली सगळी पुस्तकं चर्चच्या दारात आणून दाखवावीत. ज्यात नाव सापडेल ते पुस्तक जाळण्यात येईल आणि मालकाला राजाच्या मर्जीनुसार तुरुंग होईल.

हा थॉमस बिशप होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका राजाशी भांडला होता, आणि राजाच्या माणसांनी त्याला चर्चमध्येच कापला होता. आजवर सगळा देश त्याच्या थडग्याला पायी जात होता. आताच्या राजाचं पोपशी बिनसलं होतं. राजाशी भांडणारा संत त्याला परवडणारा नव्हता.

सिबिल स्वतः कँटरबरीला गेली होती. लग्नाला सात वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, तेव्हा नवऱ्याला घेऊन पायात फोड येईस्तोवर चालत गेली होती. थडग्यापाशी तिनं सांगितलं होतं, मूल दे, तुझं नाव ठेवीन. म्हणून थॉमसिन.

"तुझ्या पोरीलापण खरवडणार का गं आता?" घरी जाताना एमट म्हणाली. ही एमट गावची सुईण आणि सिबिलची शेजारीण. जिभेला हाड नावाला नव्हतं.

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. बैल ऐकतोय तेवढा. चल, पलीकडून जाऊ, तो बघतोय तुझ्याकडे."

"एमट, नाव नाही काढलं तर पुस्तक जाळतील."

"मग काढ."

"आणि काढलं तर? ज्यानं दिली त्याचंच नाव आपल्या हातानं खरवडायचं, पोरगी अशी नवव्या महिन्यात असताना? तो रागावला तर?"

एमटला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं, पण यावर तिनं नुसता छातीवर क्रूस काढला. सिबिलला त्या क्रूसाचीच जास्त भीती वाटली.

रात्रंदिवस हे दोन बाजूंनी चालू राहिलं. नाव ठेवलं तर पुस्तक जाणार आणि पोरगी पुस्तकाविना बाळंत होणार. नाव काढलं तर पुस्तक राहणार, पण संत उलटणार. जावई हॅमंड छपरं शाकारायचा. बोलायला कमी, कामाला वाघ. तो वाटाण्याच्या पेजेवरून मान वर न करता म्हणाला, "आई, शेजारच्या गावात विणकराला धरून नेलं परवा. त्याच्याकडे नुसतं चित्र होतं. काढून टाका ते नाव."

"तू म्हणतोस तर," सिबिल म्हणाली.

"मी म्हणत नाही. राजा म्हणतोय."

थॉमसिन कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. ती आईवर अजिबात गेली नव्हती. बैलाच्या कपाळावर थोपटून पुढे जाणारी पोरगी. पण या वेळी ती दिवसातून तीन तीन वेळा विचारायची, "पुस्तक घरातच आहे ना?" आणि आई "आहे" म्हणेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा. दोन वर्षांपूर्वीचे ते दोन दिवस तिच्या डोळ्यांतून गेले नव्हते. सिबिलनं ते डोळे पाहिले आणि ठरवलं. संताला काय म्हणायचं ते आपल्याला म्हणू दे. पुस्तक राहिलं पाहिजे.

सोमवारी ती पाद्रीबाबांकडे गेली. पुस्तक शालीखाली, हात शालीखाली, सगळी सिबिलच शालीखाली. चर्चच्या दारात उभं राहून बाबांनी पंचांग उघडलं. तेही सारखे वाटेकडे बघत होते, कारण त्यांच्या स्वतःच्या सगळ्या पुस्तकांतून नाव निघालं नव्हतं हे त्यांचं त्यांना माहीत होतं. खिशातून छोटी सुरी काढून त्यांनी जुलैच्या पानावरची एक तांबडी ओळ खरवडायला घेतली. पान कातड्याचं, पातळ होतं. कण उडत होते आणि ते तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. क्षमा मागत असावेत.

"हा एक झाला," ते म्हणाले. "वर्षात दोनदा येतो हा. दुसरा डिसेंबरात."

तेवढ्यात वाटेवर घोड्याच्या टापा वाजल्या. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात कोंबलं. "जा, जा. बाकीचं घरी कर. डिसेंबरचं पान. नाताळपासून चौथी ओळ. तांबडं नाव. कळलं? नाताळपासून चौथी."

घोड्यावर लोकर नेणारा व्यापारी होता, हे निम्म्या वाटेवर पोचल्यावर सिबिलला कळलं. तोवर तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं आणि मागे जाऊन पुन्हा नीट विचारायची छाती तिला झाली नाही.

मंगळवारी दुपारी ऊन होतं तेवढ्यात ती खिडकीशी बसली. मासे सोलायची सुरी दगडावर घासून घेतली. डिसेंबरचं पान शोधायला अडचण नव्हती, त्यावरच्या चित्रात माणूस डुकराचं मांस मिठात मुरवत बसलेला होता. सोन्याची ओळ म्हणजे नाताळ. त्यावर बोट ठेवलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. तांबडं नाव होतंच. तरी ती घाईगर्दी करणारी नव्हती. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर म्हातारीनं हौसेनं कुणाकडून तरी थॉमसिनचं नाव लिहून घेतलेलं होतं. त्यातला पहिला भाग म्हणजे संताचं नाव, एवढं सिबिलला ठाऊक होतं. तिनं दोन्ही पानं उलटसुलट करून आकार जुळवले. उभी काठी आणि डोक्यावर आडवी. मग वळणं. मग शेवटी सापासारखं. बरोबर, हाच तो.

"रागावू नका," ती त्या तांबड्या आकाराला म्हणाली. "पोरगी तुमचीच आहे. तिच्यासाठीच करतेय."

आणि तिनं खरवडायला सुरुवात केली. शाई सहजासहजी निघत नव्हती. प्रत्येक फटकाऱ्याला तिला वाटे, आता आतून थॉमसिन ओरडेल. पण थॉमसिन आत पावाचं पीठ मळत होती आणि गाणं म्हणत होती. शेवटी त्या जागी नुसता खरखरीत पांढरा डाग उरला. सिबिलनं सुरी पुसली, पुस्तक मिटलं आणि तीन महिन्यांत प्रथमच तिला दुपारची झोप लागली.

गुरुवारी सकाळी थॉमसिनच्या कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी.

एमट आली. तिनं बाह्या सारल्या, तपासलं आणि म्हणाली, "पुष्कळ वेळ आहे. संध्याकाळ होईल."

"मग मी दाखवून येते," सिबिल म्हणाली. "दुपारच्या आत नेलं नाही तर ते घरं तपासणार आहेत. बाळंतिणीच्या खोलीत शिरतील एमट, आणि नेमकं तेव्हा पोटावरून उचलून नेतील."

"आई, नको जाऊ," थॉमसिन म्हणाली. तिनं आईची शाल धरून ठेवली होती.

"गेले नि आले."

"मागच्या वेळीपण पुस्तक असंच येणार होतं."

सिबिलनं एकेक बोट सोडवत शाल सोडवून घेतली. ते करताना तिला स्वतःची किळस आली. मग ती पळत सुटली. पूल आला, तिनं क्रूस काढला नाही. वाटेत बैल उभा होता आणि तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चर्चच्या दारात टेबल मांडलं होतं. साहेब म्हणजे पंचविशीचा पोरगाच होता, नाक थंडीनं लाल, बोटांना शाई. शेजारी ओली लाकडं धुमसत होती आणि बाजूला जाळायच्या वस्तूंचा ढीग होता. त्यात एक लाकडी बिशप आडवा पडलेला. पाच-सहा जण रांगेत होते, पाद्रीबाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. सिबिलनं पुस्तक पुढे केलं.

साहेबानं जुलै पाहिला, मान हलवली. डिसेंबर उघडला. आधी त्याला हसू आलं. मग त्यानं हसू आवरलं.

"हे कुणी खरवडलं?"

"मी, साहेब."

"कोणाला खरवडलंस?"

"थॉमसला."

"कोणत्या थॉमसला?"

सिबिलला प्रश्नच कळला नाही. थॉमस किती असतात?

"हा," साहेबानं पांढऱ्या डागावर नख आपटलं, "येशूचा शिष्य. जखमेत बोट घालून खात्री करून घेणारा. नाताळच्या आधी चार दिवस. याला काढायला राजानं कधी सांगितलं? आणि हा तुमचा कँटरबरीवाला. नाताळच्या नंतर चार दिवस. बसलाय बघ अजून तांबडा लालबुंद."

सिबिल पाहत राहिली. सोन्याची ओळ मध्ये. वर चार मोजल्या तरी थॉमस, खाली चार मोजल्या तरी थॉमस. उभी काठी, डोक्यावर आडवी, शेवटी साप. तिनं वर मोजल्या होत्या. तिची पाचावर धारण बसली. आता एक सोडून दोन संत रागावले होते, वर साहेब.

"ही युक्ती मी तीन गावांत बघितली," साहेब म्हणाला. "भलतं नाव खोडायचं आणि हवं ते राखायचं. शिकवलं कुणी?"

तिनं वर पाहिलं तेव्हा बाबांचा चेहरा भिंतीइतकाच पांढरा झालेला दिसला. 'नाताळपासून चौथी ओळ' एवढे तीन शब्द तिनं उच्चारले असते तर बाबा त्या संध्याकाळी नॉरिचच्या तुरुंगात असते. ते शब्द तिच्या दातांपर्यंत आले होते. भित्र्या माणसाच्या तोंडात असे शब्द फार लवकर येतात.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझं मोजायचं चुकलं. मला वाचता येत नाही."

"वाचता येत नाही तर पुस्तक कशाला ठेवलंस?"

"बाळंतपणाला. पोटावर ठेवतो आम्ही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही. त्यानं पुस्तक मिटलं आणि ढिगावर, लाकडी बिशपाच्या छातीवर ठेवलं. "पुढे या."

सिबिल जागची हलली नाही. तिला स्वतःलाच कळेना की आपण का हलत नाही. "साहेब, माझी मुलगी आत्ता, या घटकेला, अडलीय. पहिलं गेलं तिचं. तेव्हा पुस्तक नव्हतं. संध्याकाळपर्यंत द्या. संध्याकाळी मीच आणून आगीत टाकते."

"मुलीचं नाव काय?"

खोटं नाव सांगायला हवं होतं, पण तिला ते सुचलंच नाही. "थॉमसिन."

साहेबानं लेखणी खाली ठेवली, बोटं फुंकून ऊब आणली. तो दुष्ट नव्हता, हे सांगायला पाहिजे. त्याला दिवसाला चार गावं संपवायची होती आणि पाय गारठले होते. "बाई," तो म्हणाला, "तू त्याला मानतेस की नाही एवढंच मला बघायचंय. मी ओळीवर शाई फिरवतो आणि पुस्तक तुला देतो. तू फक्त म्हण, तो संत नव्हता, राजद्रोही होता, आणि मेला ते योग्य झालं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

सिबिलला ते थडगं आठवलं. तिथली गर्दी, मेणाचा उग्र वास, आणि दगडावर कपाळ टेकून आपण काय बोललो होतो ते. घरून पुलापर्यंत आणि पुलापासून इथवर किती वेळ गेला, हेही ती मोजत होती.

"तो संत नव्हता," ती म्हणाली.

"मोठ्यानं."

"तो संत नव्हता. राजद्रोही होता. मेला ते..." रांगेतली माणसं जमिनीकडे पाहत होती. "मेला ते योग्य झालं."

साहेबानं जाड शाईचा एक पट्टा ओढला आणि पुस्तक तिला दिलं. ती पळाली. शाई ओली होती, समोरच्या पानावर उमटली, तिच्या तळव्याला लागली. वाटेत कुठेतरी बूट निसटला, तो तिनं उचलला नाही. आकाशातून काहीतरी अंगावर येईल म्हणून तिनं मान खांद्यात घातली होती. अंगावर काही आलं नाही आणि हेच तिला भयंकर वाटत होतं. ज्याला सूड घ्यायचा तो वाटेत कशाला घेईल, तो घरी गेला असेल.

दारात हॅमंड बसला होता, तोंड दोन्ही हातांत.

"आई," तो म्हणाला आणि हात काढले. तो रडत होता आणि हसत होता. "मुलगी झाली."

आत एमट पाण्यात हात धूत होती. "आलीस? मी संध्याकाळ म्हटलं होतं, पण तुझ्या नातीला धीर नाही. तू पूल ओलांडला नसशील तोवर डोकं दिसायला लागलं." मग तिचं लक्ष सिबिलच्या पायाकडे आणि काळ्या तळव्याकडे गेलं आणि ती बाजूला सरली.

पोर तांबडी लाल होती आणि गावाला ऐकू जाईल अशी रडत होती. थॉमसिनचे केस कपाळाला चिकटले होते. सिबिल तिच्या उशाशी गुडघ्यावर बसली, पुस्तक शालीखाली तसंच धरून.

"आई, मी फार घाबरले होते," थॉमसिन म्हणाली. "पुस्तक नाही, तू नाही. वाटलं, पुन्हा तसंच होणार. मग मी त्याचंच नाव घेत राहिले. आपल्या थॉमसचं. मोठ्यानं नाही, हॅमंड म्हणाला होता मोठ्यानं घ्यायचं नाही. मनातल्या मनात. शंभरदा घेतलं असेल. आणि बघ." ती हसली. "आला तो. तू म्हणायचीस ना, आपल्याला तो विसरत नाही."

सिबिलनं नातीच्या पायाला हात लावला, शाईचा डाग लागेल म्हणून लगेच काढून घेतला. "हो," ती म्हणाली. "विसरत नाही."

चर्चच्या दारात काय झालं ते तिनं मुलीला सांगितलं नाही. गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, पण थॉमसिनसमोर कुणी काढलं नाही. पाद्रीबाबा एकदा येऊन पोरीला बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून गेले, सिबिलच्या नजरेला नजर दिली नाही, आणि जाताना तिच्या डोक्यावर फार वेळ हात ठेवून उभे राहिले. सिबिल पुस्तक उघडेनाशी झाली. दिवसाच्या आठ प्रार्थना तिला पाठ होत्याच, पण म्हणायला बसली की तोंड कोरडं पडायचं. नात शिंकली तरी ती दचकायची. आपण ज्याला सगळ्यांसमोर नाकारलं त्यानं त्याच घटकेला आपल्या घरात येऊन काम केलं, याची तिला जी भीती वाटत होती तशी बैलाची, विजेची, साहेबाचीसुद्धा कधी वाटली नव्हती. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. रागाचं काय करायचं ते माहीत असतं.

जानेवारीत गिरणीवाल्यांची सून सिसिली दारात येऊन उभी राहिली. सतरा-अठराची पोर, पहिलटकरीण, पोट असं पुढे आलेलं. हात कोपरापर्यंत धुऊन आली होती, थंडीनं ते लाल झाले होते.

"मावशी, पुस्तक द्याल का? आज-उद्याकडे होईल म्हणतेय एमटमावशी."

सिबिलनं फडताळातून पुस्तक काढलं. बऱ्याच दिवसांनी हातात घेतलं होतं. दोरा सोडला, मार्गरेटबाईचं पान काढून दाखवलं. सिसिलीनं वाकून त्या पुसलेल्या चेहऱ्यावर ओठ टेकले आणि तसेच ठेवले. सरळ झाली तेव्हा तिचे डोळे सिबिलला दिसले. ते डोळे सिबिलला चांगले ओळखीचे होते.

"थॉमसिनताईला उपयोग झाला ना याचा?" पोरीनं विचारलं. "लोक म्हणतात, ते वेळेवर पोचलंच नाही. खरं का?"

"कुणी सांगितलं?" सिबिल म्हणाली. "पोटावर ठेवलं आणि पोर बाहेर."

सिसिलीनं सुटकेचा श्वास सोडला आणि पुस्तक शालीखाली घेतलं. ती वळणार एवढ्यात सिबिलनं तिचं मनगट धरलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी तिनं दोन्हीकडे पाहून घेतलं. मग पोरीला दाराच्या आत ओढलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पुस्तकात आता नसलेलं ते नाव हळूच सांगितलं.

"फार दुखायला लागलं की हे घे," ती म्हणाली. "मनात. मोठ्यानं घेऊ नकोस, आणि मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस."

पोरीनं ओठ हलवून ते एकदा घोकलं आणि मान हलवली. ती पुलाकडे जाईपर्यंत सिबिल दारात उभी होती. मग तिनं दार लावलं, आतून अडसर घातला, आणि दाराला पाठ लावून तिथेच खाली बसली.